बेरीतले बारा पब : प्रकल्प नोंदी

शनिवार, १ मार्च

चला, शेवटी वही उघडली. दोन वर्षं नुसतं "करूया कधीतरी" चाललं होतं, परवा लायब्ररीत पुस्तकं परत द्यायला गेले तर तिथल्या बाई म्हणाल्या जूनमध्ये दोन आठवडे आमची एक भिंत रिकामी आहे, कुणाला काही लावायचं असेल तर सांगा, आणि माझ्या तोंडून पटकन निघून गेलं "मी लावते". आता बारा चित्रं लागणार. विषय आमच्या बेरी सेंट एडमंड्समधले जुने पब आणि त्यांच्यासमोरचे रस्ते. काळी शाई आणि वर पातळ वॉटरकलर. बारा का, तर सेलमध्ये बाराच फ्रेमा मिळाल्या होत्या, दुसरं काही कारण नाही.

गावाबद्दल थोडं लिहून ठेवते, नंतर चित्रांखाली पट्ट्या लिहिताना उपयोगी पडेल. इंग्लंडमधल्या सफोक परगण्यातलं हे मार्केट टाऊन, म्हणजे आपल्या भाषेत आठवडी बाजाराचं गाव, बाजार बुधवारी आणि शनिवारी. गावाचे रस्ते काटकोनात आहेत कारण अकराव्या शतकात इथल्या मठाचा प्रमुख अॅबट बाल्डविन याने ते आखून घेतले. १०८६ च्या डूम्सडे नोंदीत, म्हणजे राजाने करवून घेतलेल्या जमीनमोजणीत, लिहिलंय की पूर्वी जिथे नांगर चालायचा तिथे आता ३४२ घरं आहेत. वाचलं आणि हसायलाच आलं, शेतजमिनीचं एनए प्लॉटिंग म्हणतात ते हेच की!

संध्याकाळी सासूबाईंचा व्हिडिओ कॉल. सांगितलं त्यांना. "अगं देवळं काढ, नदी काढ, दारूचे गुत्तेच कशाला काढायचे?"

"आई, इथे पबात लोक जेवायला जातात, लहान पोरं असतात, आजीआजोबा असतात."

"असतील. पण भिंतीवर लावणार म्हणतेस ना? नावासकट?"

नवरा मागे उभा राहून हसत होता, काही मदत नाही. गंमत म्हणजे मी स्वतः पीत नाही. व्रत वगैरे काही नाही, चवच आवडत नाही. आठ वर्षांत या गावातल्या पबांमध्ये मी जेवढं लाईम अँड सोडा प्यायलंय तेवढं कुणी प्यायलं नसेल.

प्लॅन असा: प्रत्येक पबचं समोरून सरळ एलिव्हेशन, म्हणजे इमारतीच्या दर्शनी बाजूचं मापातलं सपाट चित्र. डिप्लोमानंतर चार वर्षं सांगलीत एका ऑफिसात ड्राफ्टिंग केलंय, एलिव्हेशन म्हणजे डाव्या हाताचा मळ. असं आज तरी वाटतंय.

बुधवार, ५ मार्च

बाजाराचा दिवस, लेकीला शाळेत सोडून थेट ट्रॅव्हर्सवर. ही बाजाराशेजारची गल्ली. भाजीवाला ओरडत होता, एका बाउलला एक पाउंड, स्टीलच्या बाउलांमध्ये टोमॅटो, ढोबळ्या मिरच्या, आलं सगळं रचून ठेवलेलं, आवाजाची चाल तर थेट आपल्या मंडईतली. मी कोपऱ्यात फोल्डिंग स्टूल टाकून बसले.

आज घेतला नटशेल. हा पब १८६७ पासून आहे आणि ब्रिटनमधला सगळ्यात लहान पब म्हणून मिरवतो, बाकीही दावेदार आहेत पण ते इथे कुणासमोर बोलायचं नाही. आतून पंधरा फूट बाय सात फूट.

एवढा लहान का, हे तिथे बसल्या बसल्या कळलं. ट्रॅव्हर्स आणि मागची बारकी स्किनर स्ट्रीट यांच्या मधल्या इमारतींची जागा मुळात मोकळ्या बाजाराची. मध्ययुगात तिथे स्टॉल लागायचे, मग स्टॉलवाल्यांनी रात्री सामान तिथेच ठेवायला सुरुवात केली, मग छप्पर आलं, मग भिंत, मग वर मजला. आधी ताडपत्री, मग पत्रा, मग शटर! सगळ्या जगात अतिक्रमण एकाच पद्धतीने होतं. फरक एवढाच की यांचं अतिक्रमण पाचसातशे वर्षं टिकलं आणि आता त्याला लिस्टेड बिल्डिंगचा, म्हणजे कायद्याने जपलेल्या वास्तूचा दर्जा आहे, हात लावायची सोय नाही.

बोटं गारठली. दोन तासांत नुसतं पेन्सिलीचं काम झालं.

गुरुवार, ६ मार्च

पाऊस. काही नाही.

शनिवार, १५ मार्च

नटशेलच्या आत. दुपारी साडेबाराला गेले म्हणजे रिकामा मिळेल असं वाटलं होतं, आत सहा माणसं होती आणि तो भरलेला होता. लाईम अँड सोडा घेऊन भिंतीला टेकून उभी राहिले आणि छोट्या वहीत जमेल तेवढं उतरवलं. छताला देशोदेशीच्या नोटा चिकटवल्यात, आपली दहाची नोट शोधत होते, मान दुखायला लागली. आणि मध्येच लोंबकळतंय ते मांजर. खरं मांजर, वाळून कोळ झालेलं, पाय ताणलेले, कातडं जुन्या चपलेसारखं. पूर्वी घर बांधताना मेलेलं मांजर भिंतीत चिणायचे, चेटकिणी येऊ नयेत म्हणून. आपल्याकडे दाराला लिंबू मिरची, यांच्याकडे डायरेक्ट मांजर. हसण्यावारी न्यायचीही सोय नाही, कारण याच गावात १६४५ मध्ये चेटूक केल्याच्या आरोपावरून १८ जणांना एकाच दिवशी फाशी दिली होती. त्या भीतीच्या काळातल्या माणसांना भिंतीत मांजर घालावंसं वाटलं असेल तर काय नवल.

मांजराला हात लावला तर वाईट होतं म्हणतात. मी नाही लावला.

१९८४ मध्ये या खोलीत १०२ माणसं आणि ब्लॉब नावाचा एक कुत्रा एकाच वेळी कोंबून रेकॉर्ड केलं होतं. १५ गुणिले ७ म्हणजे १०५ स्क्वेअर फूट. माणशी एक फूट आणि उरलेल्या तीन फुटांत कुत्रा आणि बार. मुंबई लोकलने येणाऱ्या माणसाला विचारा, तो म्हणेल जागा होती की अजून.

शनिवार, २२ मार्च

रंगाने डोकं खाल्लं. इथल्या बऱ्याच इमारतींची वीट म्हणजे सफोक व्हाइट. नाव व्हाइट, पण पांढरी अजिबात नाही, जुन्या हस्तिदंतासारखी, सावलीत करडी आणि ऊन पडलं की ताकातल्या हळदीसारखी. जवळच्या वुलपिट गावच्या भट्ट्या या विटेसाठी प्रसिद्ध होत्या, तिथल्या मातीत चुना जास्त त्यामुळे भाजल्यावर लाल न होता फिकट निघायची. मी पिवळा ऑकर घेऊन त्यात थेंबभर निळा टाकला तर हिरवट झालं, भिंतीला शेवाळ आल्यासारखं. मग ऑकर, कणभर जांभळा आणि भरपूर पाणी, असं सातव्या वेळेला जमलं. वहीच्या मागच्या पानावर सातही ठिपके नंबर टाकून ठेवलेत.

मॉइसेस हॉलही काढायचाय, पब नाही तो, पण बाजाराच्या रस्त्याचं चित्र त्याच्याशिवाय होत नाही. साधारण ११८० चं दगडी घर आहे, १८९९ पासून म्युझियम. भिंतीत गारगोटीचे तुकडे बसवलेत, एकेक तुकडा वेगळा, फुटलेल्या बाजूला काचेसारखा काळा. पाचशे तुकडे काढल्यावर लेक येऊन म्हणाली मम्मा हे डालमेशियनसारखं दिसतंय. फाडलं नाही, बाजूला ठेवलं.

रविवार, ३० मार्च

आज घड्याळं तासभर पुढे गेली त्यामुळे सकाळी सात म्हणजे सहाच, एंजल हिलवर चिटपाखरू नव्हतं. समोर मठाचा चौदाव्या शतकातला दरवाजा. १३२७ मध्ये गावकऱ्यांनी मठावर हल्ला करून आधीचा दरवाजा पाडला, कारण बाजार मठाचा, टोल मठाचा, सगळंच मठाचं. म्हणून हा नवा बांधताना पुतळ्यांच्या कोनाड्यांमागे बाण मारायच्या फटी ठेवल्या. वरून संत, मागून तिरंदाज.

त्याच्यासमोर एंजल हॉटेल, अठराव्या शतकातला रुबाबदार चेहरा, भिंतभर वेल. सध्या पानं नाहीत, नुसत्या काटक्यांचं जाळं, म्हाताऱ्या हातावरच्या शिरांसारखं. मला हेच आवडलं, पानं आली की सगळ्या खिडक्यांच्या कडा झाकल्या जातात.

प्रश्न गाड्यांचा. एंजल हिल म्हणजे पार्किंग लॉट आहे, साडेनऊला तिथे पन्नास गाड्या आल्या. जुनी गावं काढणारे बहुतेक लोक गाड्या गाळतात आणि त्या जागी एखादी बग्गी घालतात. मला तो खोटेपणा नको. पण पन्नास गाड्यांची टपं काढायची इच्छाही नाही. मग एक पांढरी व्हॅन घेतली आणि तिच्यामागे पिलर ऑफ सॉल्ट. हा १९३५ चा रस्तादर्शक खांब, तोही लिस्टेड, रात्री आतून दिवा लागतो. सरकारी नियमात बसत नव्हता म्हणून उभारायला खास परवानगी काढावी लागली होती म्हणे. रस्त्यावरच्या पाटीलाही संरक्षण मिळतं, आणि आमच्याकडे...जाऊ दे.

बुधवार, २ एप्रिल

चार एलिव्हेशनं झाली. भिंतीला टेकवून लांबून बघितली. चारही सारखी दिसतात!! सरळ विटांचा चेहरा, तीन खिडक्या वर, दोन खाली, दार, पाटी. पाटी झाकली तर कुठला कुठला हे मलाही सांगता येणार नाही. नवरा म्हणाला छान आहेत, पण पासपोर्ट फोटो वाटतायत. राग आला कारण बरोबर बोलला.

रात्री जुने फोटो बघत बसले. बेरीत स्पँटन आणि जार्मन हे फोटोग्राफर होऊन गेले, त्यांच्या काचेच्या निगेटिव्हज जपून ठेवल्यात, हे गावाचं नशीब. सुरुवातीच्या फोटोंत बाजाराचे रस्ते विचित्र रिकामे वाटतात, पण ते रिकामे नव्हते, एक्स्पोजरला वेळ लागायचा आणि हलणारा माणूस काचेवर उमटायचाच नाही. नीट बघितलं की कुठे नुसते बूट दिसतात, कुठे घोड्याचे चार पाय आणि वर धूर. उभा राहिलेला तेवढाच माणूस उरतो. म्हणजे त्या फोटोंत आपल्याला गावातले फक्त रिकामटेकडे दिसतात, कामाला निघालेले सगळे गायब.

मंगळवार, ८ एप्रिल

आज जे बघितलं त्यासाठी सकाळी साडेसातला उठून गेल्याचं सार्थक झालं.

एका पबसमोर ब्रुअरीची, म्हणजे बिअरच्या कारखान्याची, गाडी उभी होती. फुटपाथवर जी लाकडी झडप असते, जिच्यावरून मी आठ वर्षं चालतेय आणि कधी विचार केला नाही, ती दोन्ही बाजूंना उघडलेली. खाली तळघर. गाडीवरचा माणूस बॅरल काढतो, बॅरल म्हणतो आपण पण ते फर्किन, नऊ गॅलनचं, म्हणजे बहात्तर पाइंट, साधारण एक्केचाळीस लिटर. आडवं करतो आणि पायाने ढकलत नेतो, हात खिशात घातल्यासारखे सैल. झडपेच्या तोंडाशी शिडीसारखे दोन दांडे तिरके लावलेले, खाली तळाला एक जाड फुगीर पोतं. वरच्याने दोरी लावली, पिंप दांड्यांवरून सुर्रकन खाली, पोत्यावर धप्प, आणि ते उसळून उभं राहायच्या आत खालच्याने गुडघ्याने थांबवलं. एक शब्द नाही दोघांत. वरचा फक्त "टू!" म्हणायचा, म्हणजे दुसरं येतंय. मोजलं, अकरा पिंपं सहा मिनिटांत. मग तेवढीच रिकामी वर आली, ती मात्र टणटण वाजत.

मी स्केच करतेय बघून वरचा म्हणाला, माझं पोट बारीक काढा हं. काढलं.

आणि तेव्हाच लक्षात आलं की पब रस्त्याला जोडलेला असतो तो दारातून नाही, या झडपेतून. माझ्या चारही एलिव्हेशनांत झडप नाही. समोरून सरळ बघितलं की जमीन म्हणजे नुसती एक रेघ होते ना, झडप दिसणार कुठून.

शनिवार, १२ एप्रिल

आख्खा दिवस नुसती चालले, पेन उघडलंच नाही. अॅबीगेट स्ट्रीट, हॅटर स्ट्रीट, चर्चगेट स्ट्रीट, गिल्डहॉल स्ट्रीट, व्हाइटिंग स्ट्रीट. पण यावेळी पुढून नाही बघितलं, प्रत्येक बोळात शिरून मागून आणि बाजूने.

फसवलंय सगळ्यांनी मला. पुढून अठराव्या शतकातली सरळसोट वीट, वर आडवा कठडा, सगळं मापात. बोळात शिरा की त्याच इमारतीचं छप्पर तीव्र उताराचं, लाल कौलांचं, पाठीतून वाकलेलं, लाकडी चौकट, वरचा मजला खालच्याच्या पुढे आलेला, एकही रेघ काटकोनात नाही. म्हणजे घर पंधराव्या सोळाव्या शतकातलं आणि चेहरा दोनतीनशे वर्षांनी लावलेला. त्या काळी लाकडी सांगाडा दिसणं म्हणजे मागासपणा, शेजाऱ्याने वीट लावली की आपणही लावायची, पाडून नवं बांधायला पैसे कुठून आणायचे, मग नुसता पुढचा पडदा. कठडा कशासाठी तर मागचं जुनं छप्पर लपवायला. सांगलीच्या पेठेत पुढून एसीपी शीट आणि ग्लास, मागे मातीच्या भिंती आणि तुळया, अगदी तेच! मी स्वतः असल्या दुकानांची ड्रॉइंग्ज काढलीयेत आणि इथे येऊन चार चित्रांत फसवली गेले. एंजल हॉटेलच्या खाली तर तेराव्या शतकातली कमानदार तळघरं आहेत, वर अठराव्या शतकातलं हॉटेल.

ओळखायचं कसं त्याची माझी युक्ती: खिडक्या बघायच्या. चेहरा नवीन आणि मजले जुने असले की कुठेतरी गडबड होतेच, एखादी खिडकी आतल्या जमिनीच्या पातळीशी जुळत नाही, एखादी नुसती रंगवलेली खोटी, कुठे विटांनी बुजवलेली. बुजवलेली खिडकी दिसली की इथे सगळे लगेच विंडो टॅक्स म्हणतात, तो १६९६ ते १८५१ होताही, पण काही ठिकाणी मुळात मागे जिनाच असतो, खिडकी कधी नव्हतीच, नुसती समोरून तोल साधायला कोनाडा.

दुसरी गोष्ट कमान. जुन्या खानावळीवजा पबांना, म्हणजे इन म्हणतात ते, बाजूला मोठी कमान असते, घोडागाडी आत अंगणात जाईल एवढी. वाड्याची देवडी आठवा. मला आधी वाटायचं श्रीमंत प्रवाशांच्या बग्ग्यांसाठी असेल. तेही होतं, पण बाजाराच्या दिवशी खरी गर्दी कॅरिअर लोकांची. आसपासच्या खेड्यांतून एकेक जण छपराची गाडी घेऊन यायचा, त्यात अंडी, कोंबड्या, दोनचार बायका, कुणाचं दुरुस्तीला दिलेलं घड्याळ, आणि प्रत्येक गावाचा कॅरिअर ठरलेल्या पबच्या अंगणात उतरायचा, संध्याकाळी तिथूनच परत. एकोणिसाव्या शतकातल्या व्यापारी डिरेक्टऱ्यांमध्ये छापलेलं असायचं, अमुक गाव, अमुक इन, वार बुधवार शनिवार. हे एसटीचं टाइमटेबल आहे! पब म्हणजे स्टँड, अंगण म्हणजे फलाट, आणि बार म्हणजे स्टँडवरचं कँटीन. १८४६ मध्ये बेरीला रेल्वे आली तेव्हा लांबच्या घोडागाड्या बसल्या, पण खेड्यांना रेल्वे कुठे, कॅरिअर चालूच राहिले.

तर निर्णय: समोरची एलिव्हेशनं बंद. सगळी चित्रं बाजूने, बोळातून, कमानीच्या आतून. झालेल्या चारातली तीन रद्द, फक्त नटशेल ठेवते कारण त्याला मागची बाजूच नाही फारशी. आठ आठवडे राहिलेत. नवऱ्याला सांगितलं नाही अजून.

शनिवार, १९ एप्रिल

ईस्टरची सुट्टी, गाव भरलेलं. कमानीतून बाहेर बघणारं पहिलं चित्र झालं. आतला अंधार तीन थरांत, बाहेरचा रस्ता कोरा कागद सोडून. रस्त्यात बाई, कुत्रा, आणि एक हिरवी कचरापेटी. पेटी ठेवली.

शनिवार, २६ एप्रिल

व्हाइटिंग स्ट्रीटवरचा रोझ अँड क्राऊन. या पबच्या आत काही नवीन करायच्या फंदात कुणी पडलेलं नाही ही त्याची श्रीमंती. दोन खोल्यांच्या मध्ये एक छोटं वेगळं काउंटर आहे, घरी न्यायची बिअर विकण्यासाठी. पूर्वी बऱ्याच पबांना असं असायचं, जग अँड बॉटल म्हणायचे, लोक घरचा जग घेऊन यायचे आणि भरून न्यायचे, आत बसायची भानगड नाही. बायकांना तेच सोयीचं पडत असणार. आता असं काउंटर फार कमी ठिकाणी शिल्लक आहे. रात्री कॉलवर हे ऐकून सासूबाई एकदम म्हणाल्या, "म्हणजे आपण डेअरीवर किटली घेऊन जायचो तसं." आज पहिल्यांदा त्या चित्राकडे नीट बघत होत्या. मग विचारलं, या पाटीवर काय लिहिलंय? आयपीए. म्हणजे? म्हटलं इंडिया पेल एल, जुन्या काळी भारतातल्या गोऱ्यांसाठी जहाजाने जी बिअर पाठवायचे तिचं नाव, तिच्यात प्रवासात टिकावी म्हणून हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, जास्त घालायचे. "त्यांच्या दारूलासुद्धा आपलं नाव!" अभिमान होता की निषेध ते कळलं नाही.

पबात शेजारी बसलेल्या आजोबांनी एक कोडं सोडवलं. जुन्या फोटोंत भर दुपारी पबांची दारं बंद का दिसतात? तर पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांतले कामगार प्यायलेले नकोत म्हणून दुपारी पब बंद ठेवायचा नियम आला, आणि युद्ध संपलं तरी नियम संपला नाही, इंग्लंडमध्ये तो १९८८ पर्यंत चालला! म्हणाले मी तर आख्खं तरुणपण दुपारी अडीचला ग्लास खाली ठेवून रस्त्यावर उभा राहण्यात घालवलं. युद्धातली तात्पुरती व्यवस्था सत्तरेक वर्षं. सरकारी तात्पुरतं सगळीकडे असंच असतं वाटतं.

शनिवार, ३ मे

वेस्टगेट स्ट्रीट. एका बाजूला ग्रीन किंगची ब्रुअरी, १७९९ पासूनची कंपनी, समोर थिएटर रॉयल, १८१९ चं, विल्यम विल्किन्सने बांधलेलं. नाटकं चालेनात म्हणून १९२५ मध्ये थिएटर बंद पडलं आणि ब्रुअरीने ते पिंपं ठेवायचं गोदाम केलं. चाळीस वर्षं प्रेक्षागृहात पिंपं. १९६५ मध्ये परत उघडलं. गोदाम केल्यामुळेच ते वाचलं असं मला वाटतं, रिकामं राहिलं असतं तर कुणीतरी पाडून काहीतरी बांधलं असतं.

या रस्त्याचं चित्र काढताना अडचण अशी की रस्ता मुळात वासाचा आहे. उकडलेल्या मक्याच्या कणसात थोडी भाजलेली बाजरी मिसळली तर कसा येईल, तसा गरम दमट वास, माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव, उकळतं तेव्हाचा. गावाला दुसरा वास साखरेच्या फॅक्टरीचा, १९२५ पासूनची, बीटापासून साखर. शरद ऋतूपासून हिवाळा संपेपर्यंत तिचा हंगाम, त्याला हे लोक कॅम्पेन म्हणतात. पहिल्या वर्षी थंडीत चिमणीतून तो गोडसर कुबट वास आला तेव्हा मी रस्त्यात थांबले होते, गळीत हंगामातली सांगलीच, नुसता उसाऐवजी बीट. गावातले लोक वासाला नाकं मुरडतात, मी खिडकी उघडते.

ब्रुअरी आता गावाच्या कडेला नवीन कारखाना बांधून तिकडे जाणार असं जाहीर झालंय. म्हणजे हे चित्र वासासकट काढायची शेवटची काही वर्षं. चिमणीतून वाफ निघतेय तेवढी ओल्या कागदावर कोरी सोडली.

शनिवार, १७ मे

क्युपोला हाउसवर अडकले. ट्रॅव्हर्सवरचं १६९३ चं घर, थॉमस मॅक्रो नावाच्या औषधविक्याने बांधलेलं, छतावर छोटा घुमट, तिथून त्याला सगळा बाजार दिसत असणार. पुढे त्याचा पब झाला. २०१२ च्या जूनमध्ये आग लागून आतून जवळजवळ सगळं गेलं. नंतर पुन्हा जसंच्या तसं उभं केलं. आता मी काढते ते १६९३ चं का दहाबारा वर्षांपूर्वीचं? माझा बाजूने बघायचा नियम इथे उलटा पडतो, बाजूनेही तेच दिसतं, सगळं सरळ, तुळया सरळ, कौलं सरळ. शेवटी तसंच काढलं, रेघा पट्टीने, शेजारच्या सगळ्या इमारती हाताने. ज्याला कळायचं त्याला कळेल.

शनिवार, २४ मे

प्रिंटिंगचा घोळ. मूळ चित्रं लावायची नव्हती, उन्हात रंग उडेल म्हणून, त्यामुळे स्कॅन करून एका दुकानात प्रिंट दिल्या. आल्या त्या गुलाबी! सफोक व्हाइट वीट म्हणजे स्ट्रॉबेरी मिल्कशेक. दुकानदार म्हणतो तुमच्या स्क्रीनचा प्रॉब्लेम. चाळीस पाउंड गेले. शेवटी मूळच लावायची ठरलं, भिंतीवर ऊन दुपारी तासभरच येतं, आणि गेला रंग तर गेला.

गुरुवार, २९ मे

दहा झाली. बारावं कुठलं ते ठरलं, एक बंद पडलेला पब, आता साधं राहतं घर, त्यामुळे नाव पत्ता लिहीत नाही. दारावर भिंतीत लोखंडी आकडा तेवढा उरलाय, पाटी टांगायचा. १८३० च्या कायद्याने कर भरणाऱ्या कुणालाही दोन गिनी फी भरून स्वतःच्या घरात बिअर विकता येऊ लागली, त्यामुळे बैठकीच्या खोलीत पब निघाले, रस्त्यारस्त्यावर. घराचा पब झाला, पबचं परत घर. बाहेर पायरीवर दुधाच्या दोन बाटल्या होत्या, त्या घेतल्या चित्रात.

शनिवार, ७ जून

लावली. बारा नाही, अकराच, एक फ्रेम काच फुटलेली निघाली आणि डालमेशियन मॉइसेस हॉल तसाही मला लावायचा नव्हता. सासूबाईंना व्हिडिओवर सगळी भिंत दाखवली, त्यांनी नटशेलवर थांबायला सांगितलं. "ते मांजर काढलंस का आत?" काढलंय, खिडकीतून जेमतेम दिसतं. "बरं केलंस. दृष्ट नको."

अकराच्या सुमारास एक आजी आल्या, काठी, बाजाराची ट्रॉली. बाकी चित्रांवरून नजर फिरवली आणि त्या आकड्याच्या घरासमोर उभ्याच राहिल्या. मला वाटलं दुधाच्या बाटल्या आवडल्या. म्हणाल्या इथे माझे वडील यायचे, आम्हा मुलांना आत सोडत नसत, मी आणि धाकटा भाऊ बाहेर पायरीवर बसायचो चिप्सचं पाकीट घेऊन, त्यात निळ्या कागदाच्या पुडीत मीठ असायचं, ते आधी शोधायचं.

मग काठीच्या टोकाने काचेला न लागता दाखवलं. "पायऱ्या दोन होत्या. तुम्ही एक काढलीये."

म्हटलं मी तिथे चार वेळा बसले, एकच आहे.

"दोन. मी वरच्या, तो खालच्या."

घरी येऊन माझे फोटो मोठे करून बघितले. एकच पायरी. पण तिच्या पायथ्याशी फुटपाथचं डांबर थेट दगडाला भिडलंय, आणि शेजारच्या तळघराची हवेची जाळी अर्धी जमिनीत गेलेली. रस्ता चढलाय. किती चढलाय ते जाळीच्या गजांवरून मोजता येईल, वरचे गज पूर्ण दिसतात. उद्या सकाळी टेप घेऊन जाते.